उतारवयातील व्यायाम: पायांतील बळ आणि शरीराचा तोल

श्रोतेहो, नमस्कार.

उतारवयातील व्यायामाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सकाळचा फेरफटका उभा राहतो आणि चर्चा बहुधा तिथेच थांबते. नियमित चालण्याने रक्तदाब आणि रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, हृदयाची कार्यक्षमता सुधारते, झोपही चांगली लागते, यात शंका नाही. परंतु खुर्चीतून उठताना ज्यांना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, त्यांच्या मांड्यांतील बळ बहुधा घटलेले असते आणि ते केवळ सपाट रस्त्यावर चालून पुरेसे भरून येत नाही.

वय वाढते तसे स्नायूंचे आकारमान कमी होते आणि ताकद त्याहूनही वेगाने घटते. आजारपणात आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या पायांचे स्नायू तर झपाट्याने झिजतात. हे सारे वयाचेच असे समजून घरची माणसे मायेने ‘आता आराम करा’ म्हणतात, पण हाच आराम माणसाला लवकर परावलंबी करतो, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, वृद्धाश्रमात राहणाऱ्या नव्वदीच्या आसपासच्या व्यक्तींकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा तो उपक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. म्हणजे नव्वदीतही स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतात.

याचा थेट संबंध पडण्याशी आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांना पूर्वीसारखे हिंडता-फिरता येत नाही. तोल सांभाळण्याचे आणि पायांना बळ देणारे व्यायाम केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींत, ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंचे आणि तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारे व्यायाम सांगितले आहेत.

सुरुवात खुर्चीपासून करता येते. भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या खुर्चीच्या पुढच्या कडेला बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवावीत, धड पुढे झुकवून हाताचा आधार न घेता उभे राहावे आणि मग अगदी सावकाश बसावे. बसताना धपकन अंग टाकले, तर व्यायामाचा अर्धा लाभ हुकतो. हाताशिवाय जमत नसेल, तर आरंभी आधार जरूर घ्यावा. श्वास रोखू नये. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तत्काळ थांबावे.