मुरगाव बंदरातली चार जहाजं

श्रोतेहो, नमस्कार. शेजारची दोन घरं भांडायला लागली की आपण दार ओढून घेतो. पण त्यातल्या एकाची सायकल आपल्याच अंगणात उभी असेल, तर दुसरा आपल्या फाटकाशी येणारच. युद्धात त्या सायकलीच्या जागी जहाज असतं.

पोर्तुगालचं बघा. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगाल युरोपातल्या लढाईपासून दूर राहिला. जर्मन व्यापारी जहाजं त्याच्या बंदरांत आसऱ्याला उभी होती. इंग्लंडला जहाजं कमी पडू लागली, त्याने जुन्या मैत्रीची आठवण दिली. फेब्रुवारी 1916मध्ये पोर्तुगालने सत्तरेक जहाजं ताब्यात घेतली आणि 9 मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं. जहाजं घेतली, युद्ध आलं. पुढे सुमारे 55 हजार पोर्तुगीज सैनिक पश्चिम आघाडीवर गेले.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार सावध होता. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. जहाजांना हात लावायचा नाही. मुरगाव बंदरात तीन जर्मन जहाजं होती, एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स, आणि इटलीचं अन्फोरा. इंग्रजांना संशय होता की एहरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून त्यांच्या जहाजांच्या खबरा जर्मन पाणबुड्यांना जातात. आरमार पाठवावं, तर तटस्थ बंदरावर हल्ला केल्यासारखं होणार. मग माणसं निवडली कलकत्त्यातली. राखीव घोडदळातले मध्यमवयीन गोरे, दिवसा कचेरीत बसणारे. गाळ वाहणारी ‘फीबी’ नावाची बार्ज हुगळीतून निघून दक्षिणेला वळसा घालत आली. बाकीचे रेल्वेने कोचीनला पोहोचून तिच्यावर चढले.

कार्निव्हलचे दिवस. जहाजांवरचे बरेच खलाशी गावात मेजवानीला जातील अशी तजवीज केली होती, असं सांगतात. मध्यरात्रीनंतर फीबी अंधारात एहरेनफेल्सला भिडली आणि माणसं वर चढली. झटापटीत जर्मन कप्तान मारला गेला. जहाज इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनी आग लावली, झडपा उघडल्या, पाणी आत आलं, जहाज बसू लागलं. ज्वाळा बघून बाकीच्या तिघांच्या खलाशांनीही आपापली जहाजं पेटवली. ती तारीख होती 9 मार्च 1943. पुन्हा 9 मार्च! पोर्तुगालने यावेळी जहाजांना बोटही लावलं नव्हतं. तरी युद्ध त्याच्या धक्क्यावर आलं.

मला राहून राहून वाटतं, आपण मुलांना गड दाखवतो, बंदरं दाखवत नाही. गोव्याला गेलात तर एक दुपार मुरगावसाठी ठेवा.

जहाजं जाळली म्हणून गोव्यातल्या पोर्तुगीजांनी खलाशांनाच तुरुंगात टाकलं. कलकत्त्याची मंडळी परत कचेरीत गेली. 1978पर्यंत ही गोष्ट गुप्त राहिली.

सातच महिन्यांनी, ऑक्टोबर 1943मध्ये, याच बंदरात जपानी ‘तेइआ मारू’ आणि स्वीडनचं ‘ग्रिप्सहोम’ आलं. शत्रूच्या मुलखात अडकलेले नागरिक, जपानच्या आणि अमेरिकेच्या अशा दोन्ही बाजूंचे सुमारे दीड-दीड हजार, मुरगावच्या धक्क्यावर एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढले, आणि घराकडे निघाले.