गावाची घंटा, विद्यापीठाची घंटा

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे विद्यापीठ आणि त्याचे शेजारी. पुण्यात औंधला, मॉडेल कॉलनीत, किंवा कुठल्याही मोठ्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत जे राहतात, त्यांना मी यातलं काय नवीन सांगणार? जून-जुलै आला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये एमएच 24, एमएच 22, एमएच 26 अशा पाट्यांच्या दुचाक्या वाढायला लागतात. लातूर, परभणी, नांदेड. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडं देऊन, सात-आठ पोरं. दाराबाहेर चपलांचा ढीग, त्यातली एक हमखास समोरच्यांच्या रांगोळीवर. रात्री बारा वाजता कुणाचा तरी वाढदिवस. केक खायचा कमी, तोंडाला फासायचा जास्त, वर डोक्यावर अंडी फोडायची. सकाळी जिना झाडायला येणाऱ्या मावशी वाळलेलं अंडं उलथन्यानं खरवडत बसतात. त्या काय बोलतात ते मी आकाशवाणीवरून सांगू शकत नाही.

ही झाली शेजाऱ्यांची बाजू. आता पोरांचीही ऐका. पाणी सकाळी तासभर, आणि त्याच तासाला यांचं पहिलं लेक्चर. मित्र आला तर वॉचमनच्या वहीत नाव, वेळ, सही. पावणेआठच्या ठोक्याला कुकर लावला तरी खालच्या आजी विचारणार, ‘काय शिजतंय रे?’ मुलींना नऊच्या आत घरात, मुलांना मात्र असं काही नाही. आणि जागा बघायला गेलं की पहिला प्रश्न पूर्ण नाव. आडनाव ऐकलं की पुढचं वाक्य, ‘अहो, कालच गेली हो जागा.’ तीच जागा आठवडाभरानं पुन्हा जाहिरातीत. या गोष्टीचा मला फार राग आहे. अंड्याचा डाग उलथन्यानं निघतो, याचा निघत नाही. असो.

तर भांडण आहे, दोन्हीकडून आहे. पण मी इतकी वर्षं एकच गोष्ट बघत आलोय. भांडण झालं की शेजारी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात, पोरं आपल्या ग्रुपवर लिहितात. इकडे शंभर जण ‘बरोबर आहे’ म्हणतात, तिकडेही शंभर जण ‘बरोबर आहे’ म्हणतात. दोघांनी मिळून जावं असं एक ठिकाण मात्र नाही. हे लक्षात ठेवा. दोघांनी मिळून जावं असं ठिकाण नाही.

आता यावर माझी एक आवडती गोष्ट. माझ्या घरच्यांनी ती इतक्यांदा ऐकलीय की मी नुसतं ‘ऑक्सफर्ड’ म्हटलं की कुणीतरी चहा टाकायला उठतं. तुम्हीही चहा टाका, पण आवाज थोडा मोठा ठेवा.

साल 1355, तारीख 10 फेब्रुवारी, वार मंगळवार. इंग्लंडातलं ऑक्सफर्ड गाव. त्या दिवशी सेंट स्कॉलास्टिका या संत बाईंचा सण. गावाच्या मधोमध कारफॅक्स नावाचा चौक, आणि चौकाच्या कोपऱ्यावर स्विंडलस्टॉक नावाचा गुत्ता. वॉल्टर आणि रॉजर नावाचे दोन विद्यार्थी आणि त्यांची मंडळी तिथे बसलेली. वाईन आली. घोट घेतला. म्हणाले, ही वाईन भिकार आहे. गुत्तेवाला म्हणाला, चांगली आहे. हे म्हणाले, नाही. शब्दानं शब्द वाढला. गुत्तेवाल्याची जीभही चांगलीच तिखट होती असं जुन्या वृत्तांतात नमूद आहे. शेवटी पोरांनी वाईन त्याच्या तोंडावर भिरकावली आणि भांडं डोक्यात घातलं.

इथे थांबा. दुसऱ्या कुठल्याही गावात हे प्रकरण दोन टाके आणि थोडी शिवीगाळ एवढ्यावर मिटलं असतं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, तो गुत्ता होता कुणाचा? जॉन डी बेरफर्ड याचा. आणि हा बेरफर्ड कोण? गावचा महापौर! म्हणजे वाईन वाईट असल्याची तक्रार गावाकडे करायची तर ती महापौराच्या दुकानाची तक्रार महापौराकडेच. दुसरी गोष्ट, विद्यार्थी हे धर्मसंस्थेच्या छत्राखालचे. त्यांना शिक्षा करायची तर ती विद्यापीठाच्या कुलपतींनी. गावाला हात लावता येत नाही. म्हणजे गुत्तेवाल्याचं डोकं फुटलं तरी त्याची दाद पोरांच्याच मोठ्या माणसाकडे. दोघांनी मिळून जावं असं ठिकाण, नाही.

मग काय झालं? गावकऱ्यांनी चौकातल्या सेंट मार्टिन चर्चची घंटा वाजवली. ही गावाची घंटा. ती वाजली की गावानं हत्यारं घेऊन बाहेर पडायचं. तिकडे विद्यापीठानं सेंट मेरी चर्चची घंटा वाजवली. ही विद्यापीठाची घंटा. दोन्ही चर्चमधलं अंतर चालत पाच मिनिटांचंसुद्धा नाही. एकाच रस्त्यावर दोन घंटा, आणि प्रत्येकाला आपलीच ऐकू येते. कुलपती समजवायला गेले तर त्यांच्यावर बाण सुटले.

जाता जाता सांगतो, ते सेंट मार्टिन चर्च 1896 साली रहदारीला अडथळा होतो म्हणून पाडलं, पण त्याचा मनोरा ठेवला. तो आजही उभा आहे. आपल्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडला, त्याचा एक खांबसुद्धा आठवण म्हणून ठेवला नाही. ठेवला असता तर त्या पुलाचा आराखडा काढणाऱ्यांना दरवर्षी त्याच्यासमोर उभं करता आलं असतं. आणि गुत्त्याच्या जागी पुढे बँक आली, भिंतीवर पाटी तेवढी आहे. पुण्यातही जुनं हॉटेल बंद पडलं की तिथे एक तर बँक येते, नाहीतर मोबाइलचं दुकान. बसायची जागा गेली की परत येत नाही.

हां, तर घंटा. पहिल्या रात्री कुणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपतींनी शांततेचं फर्मान काढलं. पण गावानं आसपासच्या खेड्यांत निरोप धाडले होते. दुपारी पश्चिमेच्या वेशीतून खेडुतांचा जमाव काळा झेंडा घेऊन ‘मारा, कापा’ असं ओरडत आत शिरला. त्यांनी वाईन चाखलीही नव्हती हो! वॉल्टर कोण, रॉजर कोण, त्यांना ठाऊकही नसेल. पण विद्यापीठावरचा राग जुना होता. खोल्यांच्या भाड्याचा, धान्याच्या भावाचा, या पोरांना कायदा वेगळा आणि आम्हाला वेगळा, याचा. विद्यार्थी तेव्हा गावातल्याच भाड्याच्या घरांतून राहायचे. ती घरं फोडली, लुटली. हे तिसऱ्या दिवसापर्यंत चाललं. परंपरेनं सांगतात तो आकडा 63. 63 विद्यार्थी मारले गेले. गावातलेही मेले. एका वाईट वाईनवरून.

बरं, हे पहिल्यांदा होत होतं का? नाही. त्याआधी दीडशे वर्षं, 1209 साली, एका विद्यार्थ्याच्या हातून गावातली एक बाई मेली आणि तो पळाला. गावानं काय केलं, तर त्याच्या खोलीत राहणारे जोडीदार धरले आणि त्यांना फासावर चढवलं. कॉट बेसिसवाल्यांनो, ऐकताय ना? बाकीचे विद्यार्थी आणि शिक्षक घाबरून गाव सोडून गेले. त्यातले काही केंब्रिजला गेले, आणि तिथे जे सुरू झालं ते केंब्रिज विद्यापीठ. मग गावाच्या लक्षात आलं, पोरं गेली तर खोल्या रिकाम्या, पाव कोण खाणार, बिअर कोण पिणार? 1214 मध्ये तडजोड झाली. खोल्यांची भाडी दहा वर्षांसाठी निम्मी, आणि पुढे भाडं ठरवायचं ते गावची माणसं आणि विद्यापीठाची माणसं एकत्र बसून. हे मला फार आवडतं. आठशे वर्षांपूर्वी, विद्यार्थ्यांच्या खोलीचं भाडं दोन्ही बाजूंनी एका टेबलावर बसून ठरवायचं! पण टेबल भाड्यापुरतंच. मारामारीसाठी टेबल नव्हतं, वाईनसाठी नव्हतं. तिथेच घात झाला.

आता 1355 चा शेवट ऐका. राजा तिसरा एडवर्ड जवळच वुडस्टॉकला होता. गावानं आणि विद्यापीठानं आपापले हक्क त्याच्या हवाली केले. विद्यापीठाला ते परत मिळाले, तेही वाढवून. महापौर तुरुंगात. लिंकनच्या बिशपांनी गावातले धर्मविधी बंद केले. आणि जूनमध्ये राजाची सनद आली. बाजारावरची देखरेख विद्यापीठाकडे. पावाचं वजन तपासायचं विद्यापीठानं. वजनं-मापं विद्यापीठानं. आणि दारूवर लक्ष ठेवायचं कुणी? विद्यापीठानं! म्हणजे पोरांची तक्रार काय होती, वाईन वाईट आहे. आणि निकाल काय लागला, की यापुढे तुमच्या पेयाची चौकशी आम्हीच करणार. गावानं मारामारी जिंकली आणि बाजार घालवला.

वर प्रायश्चित्त. दरवर्षी 10 फेब्रुवारीला महापौर, त्याचे दोन कारभारी आणि साठ नागरिक, एकूण 63 माणसं, सेंट मेरी चर्चमध्ये प्रार्थनेला हजर राहणार आणि प्रत्येकी एक पेनी ठेवणार. 63 माणसं, 63 पेनी. किती वर्षं? 1825 सालापर्यंत! मधे राजे बदलले, धर्मपंथ बदलला, तरी प्रायश्चित्त काही सुटलं नाही. 1825 मध्ये एका महापौरानं सांगितलं, मी येणार नाही. मग ते थांबलं. आणि 1955 साली, बरोबर सहाशे वर्षांनी, त्याच 10 फेब्रुवारीला विद्यापीठानं महापौरांना मानद पदवी दिली आणि गावानं कुलगुरूंना मानद नागरिकत्व. सहाशे वर्षं लागली हो, वाईनचा ग्लास खाली ठेवायला.

आणि आता गंमत. 10 फेब्रुवारी ही तारीख कुठे ऐकलीय? पुणे विद्यापीठाचा वर्धापनदिन! 10 फेब्रुवारी 1949 ला आपलं विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला आणि भोवतीचा 411 एकरांचा परिसर. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग, पण गोष्ट सांगणाऱ्याला असे योगायोग पुरतात. शेजाऱ्यांशी त्या बंगल्याचं नातं तसं आधीपासूनच ताणलेलं. 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून रँड परतत होता तो याच बंगल्यातून, आणि चापेकरांनी त्याला गाठलं ते याच रस्त्यावर. असो, ती वेगळी गोष्ट, ती पुन्हा कधीतरी.

वेळ संपत आलीय, म्हणून मुद्द्याचं थोडक्यात. कॉट बेसिसच्या फ्लॅटमध्ये खरं तर तीन पक्ष असतात, आणि भांडतात दोनच. पोरं भांडतात, शेजारी भांडतात. तिसरा, घरमालक, तो कुठे असतो? बाणेरला नव्या फ्लॅटमध्ये, नाहीतर मुलाकडे परदेशात. सात कॉटचं भाडं त्याच्या खात्यात, सात जणांचा आवाज शेजाऱ्यांच्या कानात. सोसायटीला काय मिळतं? ना-भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता जागा भाड्यानं देतो म्हणून घ्यायची रक्कम, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, पोरांची नाही. हे पुन्हा सांगतो, घरमालकाची. आणि कॉलेजकडे गेलात तर कॉलेज म्हणतं, वसतिगृहात असता तर बघितलं असतं, बाहेरचं आम्ही काय बघणार? वसतिगृहं पुरेशी बांधायची नाहीत आणि वर हे उत्तर. वाईन पुन्हा महापौराचीच!

रात्रीच्या आवाजाबद्दलही एक. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे आपण पोरांना ऐकवतो. ऐकवायलाच हवं. पण गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव चालतो, तेव्हा दिवसाची 55 ची मर्यादा आपल्यापैकी कितीजणांना आठवते? मला ढोल आवडतो. चाळीस ढोल एकदम नाही आवडत.

आमच्या इमारतीत गेल्या वर्षी एक साधा ठराव झाला. भाड्यानं दिलेल्या प्रत्येक फ्लॅटच्या मालकाचा फोन नंबर जिन्यातल्या फलकावर लावायचा. पार्किंगची तक्रार, पाण्याची तक्रार, वाढदिवसाची तक्रार, पोरांनी असो की शेजाऱ्यांनी, आधी मालकाला फोन. पोरांनीही करायचा. गिझर महिनाभर बंद असेल तर रात्री बारालाही करायचा. पहिल्या आठवड्यात एका मालकाला वरच्या मजल्यावरून फोन गेला की पोरं गोंधळ घालतायत, आणि त्याच रात्री पोरांचा गेला की वरून पाणी गळतंय. मालक दुसऱ्या दिवशी प्लंबर घेऊन स्वतः हजर! बऱ्याच वर्षांनी दिसले. पोरांशी बोलले, वरच्यांशी बोलले, चहा घेऊन गेले. मावशींच्या जिन्यात अंडं पडलं नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी खरवडायला एक पोरगा खाली आला होता.

परवा बघतो तर फलकावरचा तो नंबर कुणीतरी किल्लीनं खरवडून टाकलाय. शेजारी म्हणतात पोरांनी, पोरं म्हणतात शेजाऱ्यांनी. माझा संशय मालकावर आहे. सेक्रेटरींनी मार्कर आणलाय, रविवारी पुन्हा लिहिणार आहेत.

नमस्कार.