टक्क्यांचा नकाशा बंद करा, मॅचेसची यादी उघडा

(कॅमेऱ्यासमोर, थेट)

नमस्कार. डीएनए चाचणीचा निकाल आला की आपण सगळ्यात आधी काय बघतो? तो रंगीत नकाशा. या प्रदेशाचे इतके टक्के, त्या प्रदेशाचे तितके. बघायला छान वाटतं, घरच्यांना पाठवायलाही छान. पण पूर्वज शोधायचे असतील तर त्या नकाशात अडकू नका. ते टक्के म्हणजे अंदाज आहे. आज जिवंत असलेल्या काही लोकांचे नमुने संदर्भ म्हणून घेतात आणि तुमचा डीएनए त्यांच्याशी ताडून बघतात. कंपनीने नमुने वाढवले की तुमचे टक्के बदलतात. डीएनए तोच असतो, उत्तर मात्र वेगळं येतं.

खरा ऐवज दुसरीकडे आहे, मॅचेसच्या यादीत. तिथली प्रत्येक ओळ म्हणजे एक खराखुरा माणूस. त्याच्या गुणसूत्रांचे काही तुकडे तुमच्याशी जुळतात, आणि किती जुळतात ते नावाशेजारच्या आकड्यात असतं. हा आकडा सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात.

फळमाश्यांवर काम करणाऱ्या थॉमस हंट मॉर्गन यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांच्या विद्यार्थ्याने, आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने, १९१३ साली जनुकांचा पहिला नकाशा काढला. पण सेंटिमॉर्गन ही पट्टीने मोजायची लांबी नव्हे. आई-वडिलांकडून मुलाकडे जाताना गुणसूत्रांची अदलाबदल होते, पत्ते पिसावेत तशी. दोन बिंदूंमध्ये एका पिढीत अशी अदलाबदल होण्याची शक्यता साधारण एक टक्का असेल, तर त्यांच्यातलं अंतर एक सेंटिमॉर्गन. म्हणून जुळणारा तुकडा जितका लांब, तितक्या मधल्या पिढ्या कमी असण्याची शक्यता जास्त.

आता आकडे. वंशावळ-अभ्यासक ब्लेन बेटिंजर यांनी एक मोठा लोकसहभागाचा प्रकल्प चालवला. आपलं नातं ठाऊक असलेल्या हजारो लोकांनी आपापले आकडे त्यांना कळवले. त्यातून दिसतं ते असं: आजी-आजोबा एक असलेल्या भावंडांमध्ये सरासरी ८६६ सेंटिमॉर्गन. पणजी-पणजोबा एक असतील तर २२९. खापरपणजोबांपाशी नातं जुळत असेल तर ७३. पण ही झाली सरासरी. पणजोबा एक असलेल्यांचे आकडे ४१ पासून ५९२ पर्यंत पसरलेले आहेत, आणि खापरपणजोबांच्या बाबतीत शून्यसुद्धा येतो. त्या अंतरावरच्या साधारण दहातल्या एका जोडीत काहीच जुळत नाही. नातं सख्ख्या रक्ताचं असतं, फक्त दोघांच्या वाट्याला वेगवेगळे पत्ते आलेले असतात. त्यामुळे इतक्या लांबच्या नात्यात मॅच आला नाही म्हणून कुणाला वंशावळीतून काढून टाकू नका. उलट पणजोबा एक आहेत असं कागद सांगतायत आणि डीएनएत शून्य आहे, तर मात्र थांबा. काहीतरी चुकतंय.

इथे आपल्या भाषेची एक गंमत मला फार आवडते. मराठीत चुलत, मामे, आते, मावस असे वेगवेगळे शब्द आहेत. सेंटिमॉर्गनचा आकडा या चौघांना एकाच मापाने मोजतो. पण वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, त्यामुळे चुलत भावांचं वाय एकच. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, त्यामुळे मावस भावंडांचा तो एकच. मामे-आते भावंडांच्यात यातलं काहीच समान नाही. आपल्या नात्यांच्या शब्दांतच कुठली चाचणी कुठे उपयोगी पडेल ते दडलंय!

(स्क्रीनवर: मॅचेसची यादी, नावं झाकलेली)

समजा तुम्हाला २३० सेंटिमॉर्गनचा एक अनोळखी मॅच आला. हा कोण? पणजोबा एक असलेला भाऊ असेल. चुलत भावाचा नातू असेल. किंवा आजोबा एक पण आजी वेगळी, अशा भावाचा मुलगाही असेल. आकडा तिघांचाही जवळपास तोच येतो. म्हणजे नातं आहे एवढं डीएनए सांगतो, कोणतं ते सांगत नाही. वयावरून थोडा अंदाज येतो, पण खरं काम होतं समान मॅचेसवरून: त्याच्याशीही जुळतात आणि तुमच्याशीही जुळतात असे लोक कोण?

वंशावळ-अभ्यासक डेना लीड्स यांनी २०१८ मध्ये यासाठी एक साधी पद्धत मांडली. ४०० ते ९० सेंटिमॉर्गनमधले मॅचेस एका तक्त्यात उतरवा. पहिल्या नावाला एक रंग द्या. त्याच्याशी जुळणाऱ्या सगळ्यांना तोच रंग. मग रंग न मिळालेलं पुढचं नाव घ्या आणि त्याला नवा रंग द्या. असं करत खाली आलात की बहुतेक वेळा चार रंगांचे चार गट तयार होतात, तुमच्या दोन आज्या आणि दोन आजोबांचे. एका गटात ओळखीचा एकजण सापडला, की तो अख्खा गट कुठल्या बाजूचा ते कळतं. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्नं होत आलेल्या समाजात मात्र रंग एकमेकांत मिसळतात आणि आकडेही फुगतात. तिथे एकूण बेरीज बघून फसू नका, सगळ्यात लांब सलग तुकडा किती आहे ते बघा. आणि सात-आठ सेंटिमॉर्गनच्या खालच्या तुकड्यांमागे आयुष्य घालवू नका. त्यातले पुष्कळसे योगायोगाने जुळलेले असतात.

गट कळला की कागदांकडे वळायचं. कागद चुकतात, पण कसे चुकतात ते माहीत असलं तर चूकसुद्धा उपयोगी पडते. इंग्लंडची १८४१ ची जनगणना घ्या. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहा, अशी गणनाकारांना सूचना होती. चौतीस वर्षांची बाई तिथे तीस वर्षांची दिसते. १८५१ ला खरं वय विचारलं, तिथे ती चव्वेचाळीस. दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारी झालेली बाई बघून लोक म्हणतात, ही दुसरी कुणीतरी. नाही, तीच ती! शिवाय १८४१ मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकानाच नव्हता. एका घरात राहणारी तीस वर्षांची बाई बायको आहे, बहीण आहे की भाडेकरू, ते आपण मनाने ठरवतो आणि तिथेच घसरतो.

मी स्वतः आठ महिने घसरले होते. माझ्या खापरपणजोबांच्या नावाची दोन माणसं एकाच नोंदवहीत, तीन वर्षांच्या अंतराने. सोयीचा वाटला तो मी धरला आणि त्याच्यामागे चार पिढ्या रचल्या. मग त्याच्या आजच्या वंशजांपैकी पाच जणांनी चाचणी केलेली आहे असं लक्षात आलं, आणि माझ्याशी एकही जुळत नव्हता. एकाचा शून्य मी सोडून दिला असता. पाचही शून्य म्हटल्यावर मी ती वंशावळ पुसली. खरा माणूस सापडला तो लग्नाच्या नोंदीतल्या साक्षीदारावरून. तो साक्षीदार त्या नावाच्या दुसऱ्या माणसाचा मेव्हणा होता. तेव्हापासून मी नोंदीतलं मुख्य नाव नंतर वाचते. आधी साक्षीदार, शेजारी, जामीनदार.

काही ठिकाणी कागदच उरलेले नाहीत. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधलं अभिलेखागार जळालं आणि आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग गेला. अशा ठिकाणी मॅचेस हेच साक्षीदार. पण जिथे नोंदी आहेत, तिथे नावाने शोधून काही मिळालं नाही म्हणून परत फिरू नका. वंशावळीच्या जुन्या नोंदी जमवणाऱ्या फॅमिलीसर्च या संस्थेने २०२१ पर्यंत आपली सुमारे २४ लाख मायक्रोफिल्मची रिळं डिजिटल केली, तीही विनामूल्य. पण पान स्कॅन झालं म्हणजे त्यातलं प्रत्येक नाव शोधात येतंच असं नाही. तिथे एकेक पान उलटावं लागतं.

आता एक कळकळीचं सांगणं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची चाचणी आधी करा, कारण ते एक-दोन पिढ्यांनी पूर्वजांच्या जवळ आहेत. तुमच्यापर्यंत न पोचलेले तुकडे त्यांच्यात आहेत. पण लाळेच्या नमुन्याची नळी हातात देण्याआधी त्यांच्याजवळ बसून नीट सांगा: यातून अनपेक्षित भावंड निघू शकतं, वडील वेगळे निघू शकतात. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या खुनांचा आरोपी पोलिसांना सापडला, तो जीईडीमॅचवर, म्हणजे लोक आपले डीएनए निकाल अपलोड करून ताडून बघतात त्या साइटवर, असलेल्या त्याच्या दूरच्या नातेवाइकांमुळे. त्याने स्वतः काहीच अपलोड केलेलं नव्हतं. म्हणजे तुमच्या नमुन्यात तुमच्या भावंडांचीही माहिती असते. घरातल्या त्या वयस्कर माणसाने नाही म्हटलं तर तो विषय तिथेच संपवा.

(टेबलावर वही, क्लोज-अप)

आणि मॅचला पहिला निरोप लिहाल तेव्हा चार ओळींच्या पुढे जाऊ नका. किती सेंटिमॉर्गन जुळतात, कुठल्या घराण्याच्या बाजूने असावं असं वाटतं, आणि एकच प्रश्न. वंशावळ जोडू नका, फोन नंबर मागू नका. त्या साक्षीदाराच्या वंशजाला मी असाच निरोप पाठवला होता. चौदा महिन्यांनी उत्तर आलं. शब्द एकही नव्हता, एका जुन्या फोटोच्या दोन्ही बाजू होत्या. पुढे चार मुलं ओळीने उभी. मागे पेन्सिलने चार नावं. त्यातली तीन मला माहीत होती.