सागवानाची का नाही?

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘रेकॉर्डरसाठी योग्य लाकूड’ असा छापलाय. टेपरेकॉर्डर नव्हे, रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची युरोपातली बासरी. पण नागपुरात लाकडाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: सागवानाची का नाही करत बाप्पा? बरोबरच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना आपल्या चंद्रपूरचा साग गेला. लकडगंजाच्या लाकूडबाजारात सागाशिवाय दुसरं नाव काढा, समोरचा आधी चहा मागवतो आणि मग तुमची समजूत काढतो.

सागाचं कापलेलं टोक उन्हात धरून बघा. वर्षावर्षाच्या कड्यांवर बारीक भोकांच्या ओळी दिसतात, भिंगही लागत नाही. दाराचं त्यानं काही बिघडत नाही. रेकॉर्डरमध्ये मात्र फुंक अरुंद चिरीतून येते आणि पुढच्या पातळ धारेवर आपटते. सूर तिथं तयार होतो. सच्छिद्र लाकडात ती धार टिकत नाही, खवल्यासारखी उडते. वर सागात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कण, त्यानं पटाशीही बोथट.

अठराव्या शतकात न्यूरेंबर्गचे डेनर, लंडनचे ब्रेसां हे कारागीर बॉक्सवुड वापरायचे. पिवळसर, दाट, फार सावकाश वाढणारं. आज मेपल आणि नाशपती चालतात, आणि ग्रॅनाडिला, जे पाण्यात टाकलं तर बुडतं. ग्रॅनाडिला म्हणजे आपल्या शिसमाची आफ्रिकेतली भावकी. या भावकीपायी मी काय भोगलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

जानेवारी 2017 पासून शिसमाच्या अख्ख्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. पुढच्याच वर्षी भाच्यानं जर्मनीहून ग्रॅनाडिलाचा रेकॉर्डर भेट म्हणून पाठवला आणि तो एका कार्यालयात अडकला. मी नियमाचा कागद घेऊन गेलो. बिगरव्यापारी वस्तूला 10 किलोपर्यंत सूट, स्वच्छ लिहिलेलं. हा रेकॉर्डर अर्धा किलोसुद्धा नाही. साहेब म्हणाले, “वजन कशावरून?” काटा शेजारच्याच टेबलावर होता, पण तो दुसऱ्या विभागाचा. बरं, मग “हे वाद्यच आहे कशावरून?” मी तिथंच उभ्यानं भूप वाजवला. दारातला शिपाई “वा!” म्हणाला. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “आता हा वापरलेला माल झाला. फॉर्म वेगळा.” हसताय काय, मी तो फॉर्म भरलाय! नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना त्या निर्बंधांतून वगळलं. माझा त्याआधीच सुटला. कसा, ते अध्यक्षांसमोर सांगत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? म्हणजे विषय आत्ता सुरू करतो.

लाकडानं स्वर बदलतो का? 1971 मध्ये जॉन कोल्टमन या अमेरिकन संशोधकानं चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन बासऱ्या केल्या, तोंडाचा भाग तिन्हींना सारखा. न बघता कोणती कोणती हे ऐकणाऱ्यांना सांगता येईना, वाजवणाऱ्यांनाही नाही. म्हणून माझं म्हणणं असं की लाकूड कानासाठी निवडू नका, हवामानासाठी निवडा. नळी आतून गुळगुळीत आणि धार नेमकी असली की सुराचं बहुतेक काम झालं. पण आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश आणि खडखडीत कोरडी हवा, घरात कूलरची ओल, मग जुलै. लाकूड आकसतं, फुगतं, तेही आडवं जास्त, लांबीत जवळपास नाहीच.

तेव्हा मेपल किंवा नाशपती घ्यायची तर मेण मुरवलेली घ्या. ग्रॅनाडिला पाणी कमी पितं, पण नवं असताना निष्काळजीपणा केला तर तडकतं. सुरुवातीला रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवा आणि कूलरच्या झोतात ठेवू नका. रेकॉर्डरच्या तोंडाशी बसवलेलं बूच लाल सिडारचं असतं, म्हणजे पेन्सिलीचं लाकूड. ते ओल शोषतं पण फारसं फुगत नाही, म्हणून बुचाला तेल अजिबात लावायचं नाही. शाळकरी पोरांना प्लास्टिकचाच द्या. चांगला वाजतो, आणि दप्तरात त्याचं काही होत नाही.

राहिला आपल्या जंगलातला हळदू. पिवळा, बारीक पोताचा, लेथवर सुरेख उतरतो. गिरण्यांच्या बॉबिनी त्याच्या व्हायच्या. बॉक्सवुडच्या जागी तो चालावा असा माझा कयास आहे, फक्त करून बघायला हवा. कुणाकडे सावलीत नीट वाळलेला, चिरा नसलेला हळदूचा ओंडका पडून असेल तर बाहेर चहापाशी मला गाठा. लेथवाला मी बघून ठेवलाय.