बंद केलेली जुनी गाडी लगेच पुन्हा सुरू का होत नाही?

नमस्कार. गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत गाडी बंद केली आणि पलीकडे चोडणला उतरताना ती सुरूच झाली नाही, ही तक्रार जुन्या गाड्यांचे मालक इतक्या वेळा करतात की आज बॉनेटखालच्या उष्णतेविषयीच बोलू. कूलंट, फॅन बेल्ट, रेडिएटरची कॅप आणि थर्मोस्टॅट तुम्ही तपासलेच असतील.

अडचण गाडी बंद केल्यावर सुरू होते. पंखा आणि पाण्याचा पंप थांबतात, पण तापलेले ओतीव लोखंड उष्णता सोडतच राहते. त्यामुळे काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी चढते. १४८९ सीसीच्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसडरमध्ये तर कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारी लोखंडी नळी) एकाच बाजूला आहेत. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात, इथेनॉल ७८ अंशांवर. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात त्याची वाफ झाली की पंप पेट्रोल ओढू शकत नाही. पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या काट्यावर यातले काहीच दिसत नाही.

उपाय म्हणजे मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मात्र पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी, कारण खरे काम तिथली हवा करते. पत्रा मॅनिफोल्डला टेकला, तर तोच तापून उष्णता पुढे पोचवतो. अनेक प्रेक्षकांनी पाठवलेल्या छायाचित्रांत पत्रा थेट कार्ब्युरेटरच्या बुडाला चिकटवलेला दिसतो, आणि ‘काहीच फरक पडला नाही’ असे त्याखाली लिहिलेले असते. फरक पडणार कसा? बसवल्यावर दोन्ही बाजूंनी बोट सहज फिरते का ते गार इंजिनवर पाहा, आणि फिरत नसेल तर पत्रा पुन्हा वाकवा. कार्ब्युरेटरखाली बेकलाइटचा (उष्णता सहन करणाऱ्या कडक प्लॅस्टिकचा) जाड स्पेसर, म्हणजे मधला तुकडा, घातल्यास धातूतून चढणारी उष्णताही अडते.

गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवण्याची जुनी युक्ती खरी आहे, पण ती बाष्पीभवनावर चालते, आणि मे महिन्यातल्या आपल्या दमट हवेत फडके लवकर वाळत नसल्याने गारवाही कमी मिळतो. मॅनिफोल्डला कापडी हीट रॅप गुंडाळू का, असेही बरेच जण विचारतात. माझे स्पष्ट मत ‘नाही’ असे आहे, कारण पावसाळ्यात उभ्या असलेल्या गाडीत ते कापड ओल धरून ठेवते आणि आतले लोखंड गंजत राहते.

पत्र्याआधी एक काम मात्र अवश्य करा. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलच्या पंपातला लवचीक पडदा (डायाफ्राम) खराब होऊ शकतो, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण आहे. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा बसवा, नळीचा मार्ग मॅनिफोल्डपासून दूर वळवा आणि प्रत्येक क्लॅम्प इंजिन चालू असताना नीट पाहून घ्या.