कुलूप नसलेली शाळा

पहाटेचे चार वाजलेत. जव्हारच्या पुढचा एक पाडा, जिल्हा परिषदेची शाळा आणि अंधारात रांगेत उभी ४२ पोरं, डोक्याला तेल चोपडलेलं, पिशवीत भाकरी न ठेचा. निघालीत मुंबईला, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला.

ही ट्रिप अशी सहज नाही ठरली बरं का. सहल म्हटलं की वॉटरपार्क नाहीतर देवदर्शन, पालकांच्या तीन मीटिंगा झाल्या, एक आजोबा म्हणाले पोरं तिकडं जाऊन परत शाळाच बघणार काय? तेव्हा गुरुजी म्हणाले, आपल्याकडं विज्ञानाचं कपाट आहे पण सामान फुटेल म्हणून त्याला कुलूप असतं, तिथं सगळ्याला हात लावू देतात. मग वर्गणी निघाली, एसटीची प्रासंगिक करारावर गाडी मिळाली.

ह्या क्लिपमधलं हे सेंटरच्या बाहेरचं सायन्स पार्क १९७९ चं, आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं ते, आणि सेंटरचं उद्घाटन झालं १९८५ ला. म्हणजे आधी पोरांची बाग, मग बिल्डिंग. हा क्रम आम्हाला फार आवडतो.

आता ही पोरगी बघा. खुर्चीत बसून स्वतःच दोर ओढतेय आणि स्वतःच वर चाललीय! वरती पुल्या आहेत, जितक्या जास्त तितका जोर कमी लागतो पण दोर तेवढाच जास्त ओढावा लागतो. ती खाली उतरली आणि म्हणाली, "आमच्या विहिरीला एकच रहाट हाय." बास, पुस्तकातला अख्खा धडा झाला तिथंच.

आणि ह्या दोन मोठ्या तबकड्या. एकीपाशी हळू बोललं की आवाज वक्र पत्र्यावर आपटून सरळ समोरच्या तबकडीवर जातो आणि तिथं एका बिंदूत गोळा होतो, तिथंच कान लावायचा. ह्या पोरानं काय सांगितलं माहितीय? "तुझी चप्पल तुटलीय." पलीकडचा लगेच खाली वाकून बघतोय!

हे मरुत, आपल्याकडं बनलेलं लढाऊ विमान, १९६१ ला पहिल्यांदा उडालं, १९७१ च्या लढाईत होतं. पोरं पोटाखाली उभी राहून नुसती वर बघत होती.

शाळेतलं कपाट आता आठवड्यातून दोनदा उघडतं.

ही शेवटची क्लिप गेटवरची. गाडी सुरू झालीय, आणि त्या पोरीला अजून एकदा दोर ओढायचाय.