परराज्यातले कार्यकर्ते आणि गावातली सभा

[दृश्य : न्यू हॅम्पशायरमधले बर्फाने भरलेले रस्ते. जुनी छायाचित्रं.]

1976 चा जानेवारी महिना. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातून निघालेलं एक विमान ईशान्येच्या टोकाला, न्यू हॅम्पशायरमध्ये उतरलं. त्यातून शंभरच्या आसपास माणसं बाहेर पडली. सगळी स्वखर्चाने आलेली, उबदार प्रदेशातली, गुडघाभर बर्फातून चालायची सवय नसलेली.

ती आली होती जिमी कार्टर यांच्या प्रचाराला. कार्टर जॉर्जियाचे माजी गव्हर्नर आणि भुईमुगाचे शेतकरी. त्यामुळे या पथकाचं नाव पडलं ‘पीनट ब्रिगेड’. जॉर्जियाबाहेर तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. ‘कोण हा जिमी?’ असं लोक उघडच विचारायचे.

या प्रश्नाचं उत्तर जॉर्जियाच्या माणसांकडे होतं. त्यांनी घरोघरी जाऊन दारं ठोठावली आणि आपण या माणसाला जवळून कसं ओळखतो ते सांगितलं. भेटलेल्या लोकांना नंतर स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली. 24 फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, कार्टर पहिले आले आणि वर्षअखेर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

परराज्यातून आलेली माणसं स्थानिक प्रचाराचं नुकसान करतात, असं कुणी म्हणालं की मला हे विमान आठवतं. आणि ती फायद्याचीच असतात, असं कुणी म्हणालं की आयोवा आठवतं.

[दृश्य : आयोवा. सपाट शेतं, गोठलेला रस्ता, शाळेची बैठी इमारत.]

2004. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हॉवर्ड डीन मैदानात होते. व्हर्मॉन्टचे माजी गव्हर्नर, पेशाने डॉक्टर, इराक युद्धाचे कडवे विरोधक. इंटरनेटवरून छोट्या छोट्या देणग्या गोळा करून इतका मोठा प्रचार उभा करणारे ते पहिलेच. 2003 च्या अखेरीस चाचण्यांमध्ये तेच आघाडीवर होते. देशभरातल्या तरुणांनी त्यांच्यावर जीव टाकला होता, आणि तो खरा होता.

पहिली लढत आयोवात होती, 19 जानेवारीला. डीन यांच्या प्रचारयंत्रणेने ठरवलं की शेवटच्या दिवसांत सगळ्या देशातून कार्यकर्ते तिथे उतरवायचे. सुमारे 3,500 जण आले. मोहिमेला नाव दिलं ‘परफेक्ट स्टॉर्म’, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकसारखी भडक नारिंगी कानटोपी.

आयोवाची निवडणूक नेहमीच्या मतदानासारखी नव्हती. तिला कॉकस म्हणतात. संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या व्यायामशाळेत, वाचनालयात, चर्चच्या सभागृहात, काही ठिकाणी तर कुणाच्या दिवाणखान्यात त्या भागातले मतदार जमायचे. गुप्त मतपत्रिका नव्हती. या उमेदवाराची माणसं या कोपऱ्यात, त्याची त्या कोपऱ्यात. मग मोजणी व्हायची. बहुतेक ठिकाणी ज्या गटात हजर लोकांच्या 15 टक्के माणसं नसत, तो गट बाद. मग बाद गटातल्या माणसांना बाकीचे आपल्याकडे ओढायचे.

आता ही ओढाओढ करणार कोण? मुलांच्या शाळेतली शिक्षिका, औषधाच्या दुकानातला माणूस, दोन घरं सोडून राहणारं जोडपं. वर्षानुवर्षांची ओळख तिथे कामाला यायची. परराज्यातून आलेल्याला फार तर भिंतीशी उभं राहून बघता यायचं. त्याला मत नव्हतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात ज्या आवाजाला किंमत होती, तो त्याचा नव्हता.

हे आधी कळायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं. कारण आयोवाचे लोक तोवर वर्षभर उमेदवारांना प्रत्यक्ष भेटत होते. हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर, गोठ्यात, ग्रंथालयात. त्यांनी प्रश्न विचारून झाले होते. अशा माणसाच्या दारात शेवटच्या आठवड्यात नारिंगी टोपी घातलेला अनोळखी मुलगा उभा राहतो. तो मनापासून बोलत असतो, पण घरातल्या माणसाने उलट प्रश्न केला की त्याच्याकडे उमेदवाराच्या पत्रकाबाहेरचं सांगायला काही नसतं. कार्टरला ओळखतो असं जॉर्जियाची माणसं सांगू शकत होती. या मुलांतल्या बहुतेकांनी डीन यांना टीव्हीवर किंवा व्यासपीठावरच पाहिलं होतं.

त्यात विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. त्याच महिन्यात एका उजव्या विचारांच्या गटाने टीव्हीवर जाहिरात लावली. एक वयस्कर जोडपं डीन यांच्या समर्थकांच्या राहणीवर, खाण्यापिण्यावर, गाड्यांवर तोंडसुख घेतं आणि हे सगळं परत व्हर्मॉन्टला घेऊन जा म्हणतं. जाहिरात अन्यायाची होती. पण रस्त्यावर एकसारख्या टोप्या घातलेली अनोळखी माणसं दिसत असताना तिला वेगळा पुरावा द्यावा लागला नाही.

निकाल लागला. जॉन केरी 38 टक्के, जॉन एडवर्ड्स 32, डीन 18.

सगळं खापर टोप्यांवर फोडणं बरोबर होणार नाही. डिसेंबरमध्ये सद्दाम हुसेन पकडले गेले आणि युद्धविरोधाची धार थोडी बोथट झाली. डीन आणि आणखी एक उमेदवार डिक गेपहार्ट यांनी जाहिरातींतून एकमेकांवर चिखल उडवला, त्यात दोघेही मागे पडले. पण त्या रात्री जे घडलं, त्यात गर्दीचा वाटा सरळ दिसतो.

[दृश्य : वेस्ट डी मॉइन्स, व्हॅल-एअर बॉलरूम. गच्च भरलेलं सभागृह, झेंडे, हात.]

पराभवानंतर डीन बोलायला आले ते याच सभागृहात. समोर हजारोंची गर्दी, आणि तिच्यात दूरदूरहून आलेले, आठवडाभर थंडीत राबून दमलेले कार्यकर्ते. स्वप्न मोडलेली पोरं. त्यांना उभारी देणं डीन यांना भाग होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या. पुढच्या राज्यांची नावं एकामागोमाग घेत गेले, आवाज चढत गेला आणि शेवटी एक आरोळी बाहेर पडली.

सभागृहात हजर असलेले पुढे सांगत राहिले की आत इतका गोंगाट होता की ती आरोळी धड ऐकूही आली नाही. पण डीन यांच्या हातातला मायक्रोफोन आसपासचा आवाज गाळणारा होता. टीव्हीवर गर्दी जवळजवळ मुकी झाली आणि उरला तो एकट्या माणसाचा फाटलेला आवाज. पुढचे चार दिवस वाहिन्यांनी ती फीत शेकडो वेळा दाखवली.

लोक या प्रसंगाकडे मायक्रोफोनची गोष्ट म्हणून बघतात. मला त्यात सभेची गोष्ट दिसते. समोर कोण बसलंय, यावर वक्त्याचा सूर ठरतो. समोर आयोवाचे शेतकरी आणि शिक्षक जास्त असते, तर हरलेला उमेदवार त्यांचे आभार मानून, चार शांत वाक्यं बोलून उतरला असता. समोर देशभरातले कट्टर समर्थक होते, म्हणून तो देशभरातल्या राज्यांची नावं घेत सुटला. ज्या राज्यात तो उभा होता, ते राज्य त्याच्या भाषणात मागे पडलं.

बाहेरच्या गर्दीचं खरं नुकसान हे आहे. ती भाड्याची नसते, उलट तिच्यात निष्ठा काठोकाठ असते. आणि ती निष्ठाच उमेदवाराला आपल्याकडे ओढून घेते. गावातल्या बंद पडलेल्या कारखान्याबद्दल बोलायचं सोडून तो टाळ्यांच्या वाक्यांकडे वळतो, कारण टाळ्या तिथेच पडतात.

[दृश्य : सभेच्या दाराशी टेबल, क्लिपबोर्ड, नोंदणीची कार्डं.]

सभेचं दुसरं काम दाराशी चालतं. आत येणाऱ्याकडून कार्ड भरून घेतात : नाव, पत्ता, फोन, मदत करणार का. सभा संपली की ही कार्डं कचेरीत जातात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर फोन सुरू होतात. प्रचारात मतदाराला 1 ते 5 असे आकडे देतात. 1 म्हणजे पक्का आपला, 5 म्हणजे पक्का समोरच्याचा. हजार खुर्च्यांच्या सभागृहात चारशे माणसं परराज्यातली असतील, तर छायाचित्र छान येतं, पण चारशे कार्डं कोरी राहतात. आणि गर्दी बघून उमेदवाराचीच फसगत होते. भरलेलं सभागृह त्याला सांगतं की सगळं ठीक चाललंय. रिकाम्या खुर्च्यांनी त्याला निदान जागं केलं असतं.

[दृश्य : डी मॉइन्स, केरी यांच्या सभेची छायाचित्रं.]

त्याच आठवड्यात, शेजारच्याच शहरात, परराज्यातल्या एका माणसाने दुसऱ्या उमेदवाराचं केवढं भलं केलं, तेही बघायला हवं. जिम रासमन ओरेगनमध्ये राहायचे, तेही रिपब्लिकन पक्षाचे नोंदणीकृत मतदार. 1969 मध्ये व्हिएतनाममध्ये ते नदीत पडले होते आणि गोळीबार चालू असताना नौदलाचे तरुण अधिकारी जॉन केरी यांनी त्यांना हाताला धरून बोटीत ओढून घेतलं होतं. रासमन यांनी आपण होऊन प्रचार कचेरीला फोन केला. कॉकसच्या दोन दिवस आधी, इतक्या वर्षांनी, दोघे डी मॉइन्समध्ये लोकांसमोर भेटले.

एकटा माणूस. पण त्याच्याजवळ जे सांगण्यासारखं होतं, ते आयोवातल्या कुणाजवळ नव्हतं.

1968 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या युजीन मॅकार्थी यांच्या मागे न्यू हॅम्पशायरला धावलेल्या कॉलेजच्या मुलांजवळ असं काही नव्हतं, तरी ती उपयोगी पडली. व्हिएतनाम युद्ध थांबावं म्हणून आलेल्या या मुलांनी केस कापले, दाढ्या काढल्या, आणि ज्यांनी नकार दिला त्यांना दारोदार न पाठवता आतल्या कामाला बसवलं. आपण दुसऱ्याच्या दारात जातोय याची जाण त्यात होती. मॅकार्थी यांना 42 टक्के मतं मिळाली. विद्यमान राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना 49. महिना संपायच्या आत जॉन्सन शर्यतीतून बाहेर पडले.

[दृश्य : मिसिसिपी, 1964. लाकडी घराची ओसरी, बसमधून उतरणारे विद्यार्थी.]

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘बाहेरचे’ हा शब्द अमेरिकेत अनेकदा शस्त्र म्हणून वापरला गेला आहे. 1964 च्या उन्हाळ्यात हजाराच्या आसपास विद्यार्थी, बहुतेक उत्तरेकडचे गोरे, मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला गेले. दोन वर्षांपूर्वी तिथल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांचीही नोंदणी झालेली नव्हती. सत्ताधाऱ्यांनी या मुलांना बाहेरून येऊन चिथावणी देणारे ठरवलं. जूनमध्ये तिघांचा खून झाला. मायकल श्वर्नर आणि अँड्र्यू गुडमन न्यू यॉर्कचे, जेम्स चेनी मिसिसिपीचाच. मारणाऱ्यांनी त्यात फरक केला नाही.

त्या मोहिमेच्या आधी ती चालवणाऱ्या संघटनेच्या आतही कडाक्याची चर्चा झाली होती. स्थानिक कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना काळजी होती की शिकलेली, सफाईने बोलणारी ही मुलं येतील, टाइपरायटर आणि फोन हातात घेतील, आणि इतकी वर्षं मार खात उभं राहिलेलं गावचं नेतृत्व बाजूला पडेल. ही शंका आकसातून आलेली नव्हती. मुलं सप्टेंबरात कॉलेजला परत जाणार होती. त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबांना तिथेच राहायचं होतं.

समोरासमोरची भेट आणि स्थानिक माणूस यांचं वजन जास्त, असं संशोधनही साधारण सांगतं. 1998 मध्ये ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात सुमारे 30,000 मतदारांवर प्रयोग केला. घरी जाऊन समोरासमोर बोललं तर मतदान वाढतं, फोनने जवळपास काही होत नाही, असं दिसलं. पुढे लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासात असं आढळलं की दारात येणारा त्याच पिनकोडमधला असेल तर परिणाम अधिक होतो.

[दृश्य : 2005. डेमोक्रॅटिक पक्षाचं वॉशिंग्टनमधलं मुख्यालय.]

फेब्रुवारी 2005 मध्ये डीन डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. पन्नासही राज्यांत पगारी संघटक नेमायचे, आणि नेमणूक राज्यातल्या पक्षानेच करायची, असं धोरण त्यांनी आणलं. जिथे पक्ष वर्षानुवर्षं हरत होता तिथेही. पक्षातल्या बड्या मंडळींना हा पैशाचा अपव्यय वाटला आणि त्यांनी तो वाद बंद दाराआड ठेवला नाही. मला हे धोरण डीन यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम वाटतं.

पुढच्या आयोवा कॉकससाठी बराक ओबामा यांच्या कचेऱ्या कित्येक महिने आधी उघडल्या. तिथल्या तरुण संघटकांत परराज्यातले पुष्कळ होते, पण ते राहायला आले होते, आणि त्यांचं मुख्य काम प्रत्येक भागात तिथेच राहणारा प्रमुख शोधून काढणं हे होतं. 3 जानेवारी 2008 च्या रात्री सुमारे 2,39,000 माणसं कॉकसला आली, 2004 च्या जवळजवळ दुप्पट. ओबामा 38 टक्के, एडवर्ड्स 30, हिलरी क्लिंटन 29.

त्या आधी एक वाद पेटला होता. आयोवातल्या कॉलेजांत शिकणारे, पण मूळचे परराज्यातले विद्यार्थी कॉकसला बोलावण्याचा ओबामांचा प्रयत्न होता. क्लिंटन यांच्या गोटातून आणि स्थानिक वर्तमानपत्रातूनही त्यावर टीका झाली. कायदा मात्र त्या विद्यार्थ्यांच्या बाजूने होता. माझ्या मते न्यायही. जो मुलगा वर्षातले नऊ महिने एका गावात राहतो, तिथल्या दवाखान्यात जातो, तिथल्या दुकानात अर्धवेळ काम करतो आणि तिथल्या भाड्याची चिंता करतो, तो त्या गावच्या सभेत खुर्ची अडवत नाही. ती खुर्ची त्याची आहे.